भ्यायलेल्या वाचकाची साक्ष

१८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांनी ‘मंजुघोषा’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, तेव्हा प्रस्तावनेत त्यांना एक खुलासा करावासा वाटला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या लोकांच्या लग्नाच्या रीती आणि एकंदर राहणी पाहता आपल्या आयुष्यात कादंबरीत घालण्याजोगं फारसं काही घडत नाही. रोजचं तेच लिहिलं तर त्यात मन रमणार नाही. म्हणून रंजक पुस्तक लिहायचं तर अद्भुताकडेच वळावं लागतं. मराठी कादंबरी तेव्हा जेमतेम दहा-अकरा वर्षांची होती. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ची. पुढे १८७२मध्ये काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांचा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ आला आणि कादंबरीने काय करावं, काय करू नये याची चर्चा मराठीत रीतसर सुरू झाली.

रिसबुडांनी दिलेला तो खुलासा अजून संपलेला नाही. भयकथा लिहिणारा लेखक मुलाखतीत सांगतो, की मला खरं तर माणसाच्या मनाविषयी लिहायचं आहे. प्रकाशक मलपृष्ठावर ‘निव्वळ भुताखेतांची गोष्ट नव्हे’ असं छापतो. वाचकसुद्धा हातातलं पुस्तक उलटं ठेवून म्हणतो, प्रवासात वेळ जावा म्हणून घेतलं. प्रेमकथा वाचणाऱ्याला किंवा ऐतिहासिक कादंबरी वाचणाऱ्याला असं काही सांगावं लागत नाही. भीती आणि आश्चर्य या माणसाच्या सर्वांत जुन्या दोन भावना. त्यांच्यासाठी पुस्तक उघडणाऱ्याने मान खाली का घालावी, हे मला कधीही पटलेलं नाही. हा संग्रह मान वर ठेवून वाचणाऱ्यांचा आहे.

यात वाचकांची टिपणं आहेत. अलीकडे वाचलेल्या एखाद्या भयाच्या किंवा अद्भुताच्या पुस्तकाबद्दल लिहा, असं सांगितलं होतं. ‘अलीकडे’ म्हणजे पुस्तक नवं असलं पाहिजे असं नाही. वाचन ताजं हवं. अटी दोनच होत्या. कथानक सांगायचं नाही, आणि ‘छान’, ‘खिळवून ठेवणारी’, ‘एका बैठकीत संपवली’ हे शब्द वापरायचे नाहीत. मग उरतं काय, असं काहींनी विचारलंही. उरतं ते सगळ्यांत मोलाचं: भीती नेमकी कुठे लागली आणि कुठे सुटली. कोणत्या प्रसंगी उठून खोलीतला दिवा लावला. कोणत्या वाक्यावर लेखकाचा हात दिसला आणि सगळं खोटं वाटू लागलं. पुस्तक मिटल्यावर काय मागे राहिलं, आणि ते किती दिवस टिकलं.

भयकथेच्या बाबतीत वाचकाची साक्ष मी समीक्षकाच्या निकालाआधी धरतो, त्याला कारण आहे. एखादी सामाजिक कादंबरी महत्त्वाची आहे हे मला कोणी समजावून सांगू शकतं आणि ते पटल्यावर मी ती पुन्हा आदराने वाचू शकतो. पण अमुक पानावर तुम्ही घाबरायला हवं होतं, असं पटवून कोणी कोणाला घाबरवू शकत नाही. भीती लागली तर लागली. भरताने नाट्यशास्त्रात जे आठ रस मोजले त्यांत भयानक आणि अद्भुत हे दोन्ही आहेत. भय आणि विस्मय हे त्यांचे स्थायीभाव. त्याच ग्रंथात आठ सात्त्विक भावांची यादी आहे: अंग ताठणं, घाम सुटणं, काटा येणं, आवाज फाटणं, कापरं भरणं, रंग उतरणं, डोळ्यांत पाणी येणं, शुद्ध हरपणं. मन तिथे गुंतल्याशिवाय ही लक्षणं उमटत नाहीत, असं ते शास्त्र सांगतं. म्हणून वाचक जेव्हा लिहितो, की दंडावर काटा आला आणि मी पुस्तक पालथं ठेवून स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायलो, तेव्हा त्याने फार जुन्या परंपरेतलं, फार नेमकं असं एक विधान केलेलं असतं. त्याला भाबडी प्रतिक्रिया म्हणून बाजूला सारणं म्हणजे अख्खा रस नाकारणं.

अर्थात या साक्षीला मर्यादा आहेत आणि त्या वाचकांनीच दाखवून दिल्या आहेत. चौदाव्या वर्षी ज्या पुस्तकाने झोप उडवली ते चाळिशीत कोमट लागतं. दुपारी बँकेच्या रांगेत उभं राहून वाचलेलं प्रकरण आणि पावसाळ्यात वीज गेल्यावर मोबाइलच्या उजेडात वाचलेलं तेच प्रकरण, यांची बरोबरी होत नाही. म्हणून प्रत्येक टिपणात पुस्तक कुठे, केव्हा आणि कसं वाचलं, हे लिहायला सांगितलं होतं. रातराणी एसटीत शेवटच्या बाकावर बसून, आजारी माणसाच्या उशाशी जागताना, गावच्या घरी पडवीत. आता कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्यांची भर पडली आहे. ऐकताना पान उलटायचं आपल्या हातात नसतं, डोळे मिटले तरी आवाज थांबत नाही, याचा परिणाम भयकथेवर फार खोल होतो. ऐकून भ्यायलेल्या वाचकांची टिपणं वाचून भ्यायलेल्यांपेक्षा वेगळी आहेत. ती आवाजाबद्दल, दोन वाक्यांमधल्या थांब्याबद्दल जास्त बोलतात.

या साहित्याची आपल्याकडची खरी राखण वाचकांनीच केली. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती, पुरस्कारांच्या याद्यांत नव्हती, वाङ्मयेतिहासात एखाद्या परिच्छेदापुरती होती. गो. ना. दातार यांनी इंग्रज लेखक रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ती’सारखी पुस्तकं मराठीत उभी केली, नाथमाधवांनी ‘वीरधवल’ लिहिली, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती घरच्या माळ्यावरून खाली येत राहिली, कारण आधीच्या पिढीतलं कोणीतरी नातवंडांना सांगत होतं, हे वाच. अनंत अंतरकरांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या जोडीला ‘नवल’ काढलं आणि गूढ, साहस, अद्भुत यांना हक्काचं मासिक मिळवून दिलं. ‘धनंजय’, ‘चंद्रकांत’ यांचे दिवाळी अंक तर रहस्य आणि भय यांच्यासाठीच वाट पाहून घेतले जात. आणि मग गल्लीतली वाचनालयं. मोठ्या ग्रंथसंग्रहालयांचं मोल कमी नाही, पण भयकथेचं घर होतं ते दुकानाच्या गाळ्यातलं, पत्र्याच्या कपाटांचं, महिन्याच्या वर्गणीवर चालणारं वाचनालय. तिथल्या काउंटरवर जे बोललं जाई ते मराठीतलं या विषयावरचं सर्वांत जिवंत समीक्षण होतं. ‘याच्यासारखं अजून काही आहे का?’, ‘हे नको, याचा शेवट फसलाय’, ‘एकटी असशील तर रात्री वाचू नकोस’. पुस्तकांच्या समासातही ते उतरत असे. लायब्ररीच्या पुस्तकात लिहू नये हे खरं, पण पेन्सिलीने केलेली ‘पुढचं पान जपून’ अशी खूण पाहिली, की आपल्या आधी इथून कोणीतरी गेलं आहे हे कळायचं आणि धीर यायचा.

त्या कपाटांतला सर्वांत झिजलेला कप्पा नारायण धारपांचा. धारप (१९२५–२००८) यांनी शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली आणि मराठी भयकादंबरी म्हटलं की आजही पहिलं नाव त्यांचंच निघतं. या संग्रहातही सर्वाधिक टिपणं त्यांच्यावर आहेत: ‘लुचाई’, ‘शपथ’, ‘चेटकीण’, ‘ग्रास’, ‘समर्थ’. साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तकं पुन्हा छापून उपलब्ध ठेवल्यामुळे विशीतले वाचकही त्यांना नव्याने वाचताहेत, आणि वडील व मुलगी यांनी एकाच पुस्तकावर स्वतंत्रपणे लिहिलेली टिपणं इथे शेजारी शेजारी लावता आली.

धारपांचं बळ कशात आहे, याचं उत्तर वाचक फार अचूक देतात. ते शांतपणे सांगतात. त्यांचा निवेदक बहुधा साधा, नोकरदार, हिशेबी माणूस असतो. घर कसं आहे, खोल्या किती, दार कोणत्या बाजूला उघडतं हे तो नीट सांगतो. इतका भरवशाचा माणूस जेव्हा एखाद्या दिवशी म्हणतो, की आज जिन्याची एक पायरी जास्त वाटली, तेव्हा त्याच्यावर विश्वास न ठेवण्याचं कारण उरत नाही. दुसरं म्हणजे त्यांच्या जगाला नियम आहेत. दुष्ट शक्तीला वाट द्यावी लागते, तिला आत घ्यावं लागतं, तिला मर्यादा असतात; आणि त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखा माणूस त्या मर्यादा ओळखतो. काही तरुण वाचकांना हेच आता खटकतं. समर्थ आले की आता काही बिघडणार नाही हे कळतं आणि भीती उतरते, असं एकीने लिहिलं आहे. तिचं निरीक्षण बरोबर आहे. तरीही मी धारपांच्या बाजूने एक सांगेन. ज्या वाचकाने आयुष्यात खरोखरीचं संकट पाहिलं आहे त्याला शेवटी कोणीतरी येतं या गोष्टीची किंमत वेगळी कळते. साठीच्या पुढच्या वाचकांची टिपणं समर्थांवर जास्त मायेने बोलतात, ते त्यामुळेच असावं.

‘लुचाई’ आणि ‘शपथ’ यांच्यावरून मात्र वाचकांत सरळ दोन तट पडले आहेत. पहिलीमागे स्टीफन किंगची १९७५ची ‘सेलम्स लॉट’ आहे आणि दुसरीमागे त्याचीच १९८६ची ‘इट’. ज्यांनी किंग आधी वाचला त्यांना धारप उसने वाटतात, ज्यांनी धारप आधी वाचले त्यांना किंग लांबण लावणारा वाटतो. मूळ लेखकाचं ऋण पुस्तकावर स्पष्ट छापायला हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण वाचकांनी जे दाखवून दिलं आहे ते त्यापुढचं आहे. किंगच्या अमेरिकेतल्या छोट्या गावात एकेक घर अंधारात जातं आणि ते लपून राहतं. आपल्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, संध्याकाळी दार लोटलेलं दिसलं तरी चौकशी होते. मग तिथे ते कसं लपणार? धारपांना या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं, आणि जिथे ते सापडलं तिथे पुस्तक त्यांचं झालं. जिथे सापडलं नाही तिथे वाचकाला परका वारा लागतो. एका वाचकाने ‘लुचाई’ आणि मूळ कादंबरी समोरासमोर ठेवून कोणते प्रसंग मराठी मातीत रुजले आणि कोणते कुंडीतच राहिले याचा शोध घेतला आहे. असं काम एखाद्या प्रबंधातही क्वचितच सापडेल.

सांगण्यातून काय होऊ शकतं याचं सर्वांत मोठं उदाहरण ‘तुंबाड’ चित्रपटाचं आहे. राही अनिल बर्वे यांनी मुलाखतींतून सांगितलेली हकीकत अशी, की १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने त्यांना एक भयकथा ऐकवली. ती धारपांची होती. चित्रपटामागच्या धारपांच्या ‘आजी’ या कथेचा पाया पुन्हा किंगच्या एका कथेत आहे. कोणीतरी वाचलं, त्याचं ज्याने ऐकलं त्याच्या मनात ते वर्षानुवर्षं राहिलं, आणि २०१८मध्ये एक चित्रपट आला, जो मूळ कथेपासून इतका दूर गेला होता की आता तो पूर्णपणे त्याचा स्वतःचा आहे. २०२४मध्ये तो चित्रपटगृहांत पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा अधिक चालला. त्याचं नाव श्री. ना. पेंडसे यांच्या १९८७च्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं. त्यामुळे चित्रपट पाहून भारावलेल्या काही वाचकांनी पेंडशांचे ते दोन जाडजूड खंड भयकादंबरी समजून उचलले. त्यांत चित्रपटातला हस्तर नाही, वाड्यातलं सोनं नाही. आहे ते जगबुडी नदीकाठच्या एका घराण्याचं वैभव आणि अध:पात. एकाने लिहिलं आहे, की शंभर पानं भुताची वाट पाहिली, नंतर वाट पाहणं विसरलो. पेंडशांना याहून चांगली पावती काय मिळेल?

रत्नाकर मतकरींवरची टिपणं वेगळ्या जातीची आहेत. गूढाच्या प्रांतात मतकरी (१९३८–२०२०) मुख्यतः कथेत रमले. ‘खेकडा’, ‘कबंध’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ या संग्रहांनी मराठी गूढकथेला स्वतःचं रूप दिलं. भूतकथा आणि गूढकथा यांत ते फरक करत, आणि तो फरक त्यांच्या वाचकांनी नीट आत्मसात केला आहे. धारपांचा वाचक विचारतो, ते काय होतं? मतकरींचा वाचक विचारतो, ते त्यालाच का दिसलं? म्हणून मतकरींवर लिहिणारे शेवटाबद्दल भांडतात. उलगडा झाला तर गंमत गेली, असं अर्ध्यांचं म्हणणं. उलगडा नसेल तर लेखकाने पळ काढला, असं उरलेल्यांचं. माझं मत पहिल्यांच्या बाजूला झुकतं, पण एका अटीवर: लेखकाला स्वतःला उत्तर ठाऊक असलं पाहिजे. ते त्याने सांगितलं नाही तरी चालेल. पण त्याला ठाऊक आहे की नाही हे वाचकाला कळतं. कसं कळतं हे मला सांगता येत नाही, पण इथल्या टिपणांत ते पुन्हा पुन्हा कळलेलं दिसतं.

हृषीकेश गुप्ते यांच्यापाशी आल्यावर वाचकांची भाषाच बदलते. ‘अंधारवारी’, ‘घनगर्द’, ‘हाकामारी’, आणि मग ‘दंशकाल’. रात्री दाराशी येऊन ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारणारी हाकामारी कोकणापासून देशापर्यंत अनेकांनी लहानपणी ऐकलेली. ओ द्यायची नाही, हे बजावून सांगितलेलं. गुप्त्यांची पुस्तकं वाचताना हे वाचक भुताबद्दल कमी आणि आपल्या घराबद्दल जास्त लिहू लागतात. आजोबांचा धाक, माजघरातलं न बोललं गेलेलं काही, वेड लागलेल्या एखाद्या नातेवाइकाची बंद खोली. इथे भय बाहेरून आत येत नाही, ते घरातच वाढलेलं असतं. चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘रात्र काळी, घागर काळी’ने हे फार आधी दाखवलं होतं. पण खानोलकर ‘साहित्या’च्या कपाटात आणि धारप ‘रंजना’च्या, अशी आपण वाटणी केली, त्यामुळे एकातून दुसऱ्याकडे जाणारा वाचक कमी झाला. गुप्ते वाचून खानोलकरांकडे वळलेल्या वाचकांची टिपणं या संग्रहात आहेत आणि मला ती फार प्रिय आहेत.

गावाकडून आलेल्या टिपणांनी एका जुन्या गोष्टीची आठवण करून दिली. १९१५मध्ये आर. ई. एन्थोव्हेन यांनी कोकणच्या लोकसमजुतींवरची टिपणं पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मूळ सामग्री गोळा केली होती ए. एम. टी. जॅक्सन यांनी, नाशिकचे तेच कलेक्टर, ज्यांच्यावर १९०९मध्ये अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या. त्या सामग्रीतला मोठा भाग गावोगावच्या शाळामास्तरांनी लिहून पाठवलेला होता. एका परक्या अधिकाऱ्याच्या प्रश्नावलीला उत्तर म्हणून का होईना, आपल्या गावात कोण कोण आहे याची नोंद मास्तरांनी केली: मुंजा, समंध, खवीस, हडळ, जखीण, वेताळ, चकवा, देवचार. या यादीकडे नीट पाहिलं तर ती अपुऱ्या राहिलेल्या आयुष्यांची यादी आहे. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते. धनावर किंवा वाड्यावर जीव अडकलेला निपुत्रिक समंध होतो. भूत म्हणजे समाजाने आखलेल्या वाटेवर मध्येच थांबलेलं माणूस, हे कुठल्याही सिद्धांताशिवाय आपल्या लोकांना माहीत होतं.

म्हणूनच स्थानिक वाचक चूक पटकन पकडतात. सिंधुदुर्ग आणि गोव्याकडच्या टिपणांत एक तक्रार वारंवार येते: शहरात बसून लिहिणारे देवचाराला खलनायक करतात. त्यांच्याकडे देवचार वेशीची राखण करणारा आहे. त्याचा धाक आहे, पण तो आपला आहे. वाट चुकलेल्याला तो घरी आणून सोडतो असं मानतात. भय आणि भरवसा एकाच ठिकाणी असू शकतात ही गोष्ट अजून एकाही मराठी कादंबरीत मला हवी तशी भेटलेली नाही. लिहिणाऱ्यांनी ही टिपणं जरूर वाचावीत.

आणि हडळीबद्दल. स्त्री-वाचकांनी या संग्रहात जो प्रश्न विचारला आहे तो टाळून पुढे जाता येणार नाही. हडळ, जखीण, चेटकीण, लावसट: भयकथेतली धास्ती एवढ्या वेळा बाईच्याच रूपात का येते? हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या बाजूला, बाईला डाकीण ठरवून छळण्याचे प्रकार आपल्याच काळातले आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झटले तो त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. अशा प्रदेशात भयकथा आवडीने वाचणाऱ्याला विचारणा होणारच, की तुम्ही अंधश्रद्धेला खतपाणी घालत नाही का. या संग्रहातले कित्येक वाचक अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आहेत आणि भयकथाही भक्तीने वाचतात. त्यांतल्या एकाने केलेली विभागणी मला पटली. बुवाची भीती तुमच्याकडून काहीतरी घेते: पैसे, कोंबडं, शेजारणीवरचा विश्वास. कादंबरीची भीती काही मागत नाही. ती काल्पनिक आहे हे लेखक आणि वाचक दोघांनी आधीच मान्य केलेलं असतं. पण जी कादंबरी गावातल्या एकट्या, म्हाताऱ्या, कुरूप बाईकडे बोट दाखवून भीती स्वस्तात मिळवते, ती हा करार मोडते. तिच्याबद्दल वाचकांनी इथे कठोर शब्द वापरले आहेत आणि ते जसेच्या तसे ठेवले आहेत.

आता अद्भुत. अद्भुत कादंबरीवरची टिपणं संख्येने कमी आहेत, कारण मूळ मराठी कादंबऱ्याच कमी आहेत. हे विचित्र आहे. कथासरित्सागराची, सिंहासनबत्तिशीची, हातिमताईची पारायणं केलेला, कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टींना आपलंसं केलेला हा समाज. पण आपल्या भाषेत एखादं अख्खं नवं जग रचून त्यात पाच-सहाशे पानं राहावं, असं ‘वीरधवल’नंतर फार थोड्यांना वाटलं. वाचकांना मात्र ती भूक आहे. बाळ ऊर्ध्वरेषे यांनी मराठीत आणलेला हॅरी पॉटर वाचून वाढलेली मुलं आता तिशीत आहेत. अमीश यांची ‘मेलुहाचे मृत्युंजय’ मराठीतून वाचून पुराणाच्या चौकटीत शिव कसा बसतो, यावर घराघरांत वाद झाले. त्यांतले दोन इथे आहेत: एक कीर्तन ऐकत मोठ्या झालेल्या आजींचा, दुसरा त्यांच्या नातवाचा. आजी म्हणतात, देवाला माणूस केलं त्याचं दु:ख नाही, पण माणूस केल्यावर तो चुकला का नाही? नातवाला आजींचा मुद्दा कळलेला आहे असं त्याच्या टिपणावरून वाटत नाही. मला तो फार मोठा वाटतो.

अद्भुताची कसोटी वाचक दोन ठिकाणी लावतात. जादूला किंमत हवी. मंत्र म्हटला आणि काम झालं, तर पुढे वाचण्यासारखं काही उरत नाही. आणि त्या जगातल्या माणसांनी बोलावं कसं? मराठीत काल्पनिक राज्य आलं की पात्रं ऐतिहासिक नाटकातल्यासारखी बोलू लागतात, ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाची आहे. त्या जगातल्या कोळणीने, लोहाराने, पहारेकऱ्याने कुठली मराठी बोलावी हा प्रश्न सोडवणारा लेखक ज्या दिवशी येईल त्या दिवशी हे दालन उघडेल.

वेताळपंचविशीची रचना या संदर्भात मला फार अर्थपूर्ण वाटते. वेताळ खांद्यावर बसून राजाला गोष्ट सांगतो आणि शेवटी मत विचारतो. ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी निघालो झाडावर. म्हणजे ऐकणाऱ्याने मत दिलं तरच पुढची गोष्ट मिळते, आणि ज्या गोष्टीवर राजाला मत देता येत नाही तिथे ती मालिका थांबते. भयाची आणि अद्भुताची गोष्ट ऐकणाऱ्याच्या उत्तरावर चालते, हे आपल्या परंपरेने इतक्या स्पष्टपणे कथेच्या सांगाड्यातच बसवून ठेवलं आहे. वाचनालयाचा काउंटर, जंगलातला मित्र, समासातली पेन्सिल ही त्याच उत्तराची रूपं आहेत. या टिपणांना मी पुस्तकांवरचे अभिप्राय मानत नाही, पुस्तकांचाच पुढचा भाग मानतो.

संपादनाबद्दल थोडं. बोलीतली टिपणं बोलीतच ठेवली आहेत. मालवणी, वऱ्हाडी, आगरी यांना प्रमाण मराठीचा मुलामा दिलेला नाही, कारण भीती सांगताना माणूस ज्या भाषेत घाबरला त्याच भाषेत बोलतो. एकाच पुस्तकावरची परस्परविरोधी मतं मुद्दाम एकापाठोपाठ लावली आहेत आणि त्यांत निवाडा केलेला नाही. लेखकांवरची टीका सौम्य केलेली नाही. व्यक्तीवरचे शेरे तेवढे काढले. नावं छापू नयेत असं ज्यांनी कळवलं त्यांच्या टिपणाखाली फक्त गाव आहे.

कथानक न सांगण्याची अट बहुतेकांनी पाळली, पण काही टिपणं अशी होती की शेवटाबद्दल बोलल्याशिवाय त्यांचा मुद्दाच उभा राहत नव्हता. ती वगळणं अन्यायाचं झालं असतं. ती सगळी अखेरच्या विभागात एकत्र केली आहेत आणि प्रत्येकाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव ठळक दिलं आहे. ‘शपथ’, ‘ग्रास’ किंवा ‘दंशकाल’ अजून वाचायची असेल, तर तो विभाग आधी उघडू नये.